साबणावरचा आळ

“फुलं इकतची चालतील, हार इकतचा चालायचा न्हाई. घरच्या माणसाच्या हातचा पायजे, तेजा. उजाडायच्या आत. आन् खाडा करू नकोस.”

आईनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पार खोल गेला होता, पण शब्द एकेक स्वच्छ होता. मार्केटात पोत्यांची थप्पी अंगावर येऊन तेजाच्या वडिलांची, बाबासोंची, कंबर कामातून जाता जाता वाचली, तेव्हा तिनं मांढरदेवीच्या काळूबाईला नवस बोलला होता. पौष पौर्णिमेपासून पुढच्या पौष पौर्णिमेपर्यंत रोज पिवळ्या शेवंतीचा हार. बाबासो उभे राहिले, पुन्हा पाठीवर पोती घेऊ लागले... आणि आईच श्रावणात तापाचं निमित्त होऊन गेली. नवस अर्ध्यावर राहिला. तो तेजश्रीनं उचलला.

सातारा सुटला तरी देवी सुटत नाही. वाशीजवळ, बोनकोड्यातल्या भाड्याच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात काळूबाईचा टाक होता. पहाटे अंघोळ, ओल्या केसांना पंचा, समई, आणि मांडीवर परडी. बाबासोंनी आदल्या दिवशी मार्केटातून आणलेली शेवंती रात्रभर ओल्या फडक्यात असायची. देठ चिमटीनं खुडायचा, फूल दोऱ्यात ओवायचं, आणि एकेका फुलाला मनात देवीचं नाव घ्यायचं. दिवसातली एवढीच वेळ अशी होती की आई जवळ बसल्यासारखी वाटायची.

दिवाळी झाली आणि तिच्या हातांना काहीतरी झालं. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग बारीक पुरळ, मग कातडी तडकून लाल चिरा. साड्यांना फॉल-बिडिंग करून ती चार पैसे मिळवायची; आता सुई धरली तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण तिला भीती साडीची नव्हती. पहाटे दोरा ओढताना बोटातून रक्त आलं, एक फूल डागाळलं, तेव्हा ती घाबरली. हे हात बंद पडले तर हार कोण गुंफणार? आईचा नवस तुटणार...

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, दोन्ही हात उन्हात धरून बसली होती. केबलची वायर कुठं तुटली ते बघायला हरेश वर आला. रूममालकीण मालतीबाईंचा मुलगा. न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडं कामाला होता. सकाळी जाणारा, अंधार पडल्यावर येणारा. इतक्या दिवसांत जिन्यात दोनदा बाजूला होऊन त्यानं तिला वाट दिली होती, तेवढीच ओळख.

त्याला बघताच तिनं हात ओढणीखाली घेतले.

“काय लपवलं?”

“काही नाही.”

“काही नाही ते लपवायला दोन हात लागतात?”

ती उठली. जाता जाता थांबली. तिचा आवाज मुळातच हळू, त्यात अनोळखी पुरुष... तरी ती बोलली, कारण संशय पोटात राहीना. दिवाळीला मालतीबाईंनी प्रत्येक भाडेकरणीला उटण्याबरोबर एक परदेशी साबण दिला होता. हरेशनं पोर्टवरून आणलेला, जांभळा, कुठल्या तरी न ओळखू येणाऱ्या फुलाच्या वासाचा. त्यानंतरच हे सुरू झालं होतं.

“तुमच्या साबणानं झालंय,” ती म्हणाली, आणि ओढणीतून हात काढून त्याला दाखवले.

तो हसला नाही. वायर तशीच लोंबकळत सोडून तो हातांकडं बघत राहिला. इतका वेळ, की तिलाच ते परत झाकावेसे वाटले.

संध्याकाळी तो बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन वर आला. साबण त्यात टाकला, झाकण दाबलं, डबा टाकीखाली ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, “अटक केली. आता हात बघू, सुधारतात का.”

हात सुधारले नाहीत.

मग कपड्यांच्या वडीवर संशय गेला. हरेशनं दुसरी आणून दिली, पहिली डब्यात गेली. मग भांड्यांची पावडर. मग तिच्या खोट्या सोन्याच्या बांगड्या आणि सेफ्टी पिना. कुणीतरी ऑफिसात त्याला सांगितलं होतं की असल्या चकचकीत धातूनं अंगावर उठतं. मग शिवणाचं अंगुस्तान. डबा भरत चालला. दर दोन-चार दिवसांनी, ती कपडे वाळत घालायला वर आली की याला नेमकं केबलचं काहीतरी आठवायचं.

“आज कुणाला आत टाकायचं?” तो विचारायचा.

“तुमच्या घरचं पाणी कसं आहे?” तिनं एकदा उलट विचारलं.

“पाणी? आमी सगळे तेच पितो.”

“तुम्ही पिता. मी धुते.”

“बरं. मग टाकी उचलून डब्यात घालू?”

ती ओठ मिटून हसली, आणि लगेच सावध झाली. हा हातांची चौकशी करायला येतो, की...? त्यानं आणलेलं बिनालेबलाचं मलम तिनं लावलं नाही. फळीवर ठेवून दिलं. पोर्टवरून काय काय येतं, कुणी सांगावं. पण मलम बघताना तिच्या लक्षात आलं की डबी त्यानं आपल्या रुमालात गुंडाळून आणली होती, आणि रुमाल इस्त्रीचा होता. तिनं रुमाल परत दिला नाही. का दिला नाही, यावरून मात्र तिनं स्वतःवर संशय घेतला.

संशय खालच्या मजल्यावरही होता. मालतीबाई नळावर तिच्यानंतर पाणी भरताना तोटी आधी चिंचेनं घासून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी तिला अडवलंच. खरूज असली तर सांग म्हणाल्या, बिल्डिंगीत लेकरं हायत. पौष लागायच्या आत हात बरे झाले नाहीत तर बाबासोंना दुसरी रूम बघायला सांगावी लागेल, हेही बोलून घेतलं. वाईट बाई नव्हती ती. शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांच्या भरपाईच्या पैशातून उभी केलेली ही एक इमारत. तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून जपत होती.

तेजश्रीनं ऐकून घेतलं. खोलीपेक्षा मोठी गोष्ट तिच्या मनात होती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

महिन्यातले काही दिवस ती बाजूला असायची. धुणीभांडी त्या दिवसांतही चुकत नसत, शिवणही नाही. पण देवाला शिवायचं नाही, परडीला हात लावायचा नाही. तेव्हा हार बाबासो करायचे. ओझी उचलून उचलून लाकूड झालेली त्यांची बोटं, त्यांत तो बारीक दोरा... हार वाकडा व्हायचा, मधेच दोन फुलं उताणी. शिवाय त्यांना मार्केटला उशीर व्हायचा, तोवर हमालांची टोळी काम धरून पुढं गेलेली असायची. तो दिवस बुडायचा. रोज ते जमणारं नव्हतं.

आणि त्याच दिवसांत तिचे हात बरे व्हायचे.

पहिल्यांदा तिला तो योगायोग वाटला. परत तसंच झालं, तेव्हा तिनं नीट पाहिलं. वडी तीच, भांडी तीच, सुई तीच, पाणी तेच. नव्हती ती फक्त परडी.

तो विचार आला तसा तिनं दाबून टाकला. देवीच्या फुलावर संशय? मग दुसरा आला, त्याहून वाईट. देवीलाच आपल्या हातचं नको झालं असेल का? तिनं शुक्रवारचा उपास वाढवला. परडीला हात लावण्याआधी कपाळ टेकवू लागली. बोटं आणखी चिरत गेली.

शेवटी वाशीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं ती गेली. त्यांनी हात उलटेसुलटे बघितले, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर जास्त वेळ थांबल्या, आणि विचारलं की या चिमटीत रोज काय धरतेस? सुई, ती म्हणाली. खोटं नव्हतं. बाई म्हणाल्या, घरात ज्याला ज्याला हात लावतेस ते सगळं थोडं थोडं घेऊन ये; पाठीवर पट्ट्या लावून बघू कशाला अंग रुसतं ते.

ठरलेल्या सकाळी कापडी पिशवीत पुड्या बांधून ती बस स्टॉपवर उभी होती. हरेश ऑफिसच्या जीपची वाट बघत तिथंच होता. समोरून कंटेनरचे ट्रेलर धूळ उडवत चालले होते. तो जवळ सरकला, पण मधे एका माणसाची जागा सोडून.

“सगळे आरोपी घेतले?”

ती नेहमीसारखी हसली नाही. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली.

“एक राहिलाय.”

“कोण?”

“सांगता येत नाही.”

“मग मला नका सांगू. डॉक्टरला सांगा.”

“डॉक्टरांनाही नाही सांगितलं.” ती ट्रेलरकडं बघत बोलू लागली, कारण त्याच्याकडं बघून ते शब्द निघाले नसते. “महिन्यातले काही दिवस... मी देवाला शिवत नाही. तेव्हा हार बाबा करतात. आणि तेव्हाच... फक्त तेव्हाच... माझे हात बरे असतात.”

कानाच्या पाळ्या तापल्या. असलं काही ती बापाशीसुद्धा कधी बोलली नव्हती. आता हा हसेल, किंवा नजर बदलेल, असं वाटून ती अंग चोरून उभी राहिली. हरेशनं नजर आपल्या चपलांवर ठेवली होती.

“म्हणजे फुलं,” तो हळूच म्हणाला.

तिनं झटकन मान वळवली. “तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नाय. संशय होता.”

“कधीपासून?”

“तुमी घरातली प्रत्येक गोष्ट डब्यात घातली. परडीचं नाव कधी घेतलं नाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“देवीवर आळ घ्यायचा तर तो तुमीच घ्यायचा. मी घेतला असता तर तुमी मला डब्यात घातलं असतं.” त्यानं चपलेचं टोक धुळीत फिरवलं. “आणि झाकण परत उघडलं नसतं.”

बस आली. ती चढली नाही. बस गेली, जीप आली, तोही तसाच उभा. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा तो गेला, वळून न बघता, पण इतक्या हळू की ते वळून बघण्यासारखंच होतं.

ती घरी परतली. कोनाड्यापुढं बसून तिनं हात जोडले. आई काळूबाई, तुझ्यावर आळ घेत नाही, फक्त विचारून येते, असं म्हणत एक शेवंती पानात गुंडाळली आणि पुढची बस धरली.

पाठीवर पट्ट्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. न्हाल्याशिवाय देवापुढं न बसणारी ती. ते दोन दिवस तिनं पाय धुतले, केस तेवढे वाकून मोरीत भिजवले, उरलं अंग ओल्या फडक्यानं पुसलं, आणि अपराध्यासारखी परडी मांडीवर घेतली. देवी काही बोलली नाही. आई बोलली असती, पण रागानं नाही, असं तिला आतून वाटलं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा बाईंनी दोन आरसे धरून तिला तिचीच पाठ दाखवली. वडीच्या जागी काही नाही. पिनेच्या जागी काही नाही. जांभळ्या साबणाची जागा तर अगदी निर्मळ. आणि एका ठिकाणी लालभडक, फुगलेला, खाजरा गोल. शेवंती. बाईंनी समजावलं की यात शाप नाही, खरूज नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. जे रोज सोसलं जातं तेच एके दिवशी अंगाला खपेनासं होतं, आणि एकदा रुसलेली कातडी सहसा विसरत नाही. झेंडूही त्याच गोतातला, त्यालाही हात नको. पाहिजे तर जाड हातमोजे घालून काम कर, पण चीक आत झिरपतो, म्हणून त्यांचीही खात्री नाही.

तिला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं. कोनाड्यातली रोष धरून बसलेली देवी एकदम पुन्हा आईसारखी झाली होती... आणि त्याच वेळी परडी कायमची हातातून गेली होती.

संध्याकाळी गच्चीवर तिनं डबा उघडला. साबण बाहेर काढला. हरेश कठड्याला टेकून उभा होता. आज केबलचं निमित्तसुद्धा त्यानं आणलं नव्हतं.

“हा सुटला,” ती म्हणाली. “मी उगाच आळ घेतला.”

“त्याला सवय हाय. कस्टमवाले पण घेतात.” मग त्यानं तिचा चेहरा बघितला. “नवस कधीपर्यंत?”

“पौष पौर्णिमा.”

“मोजे?”

“मोजे घालून मी देवीला हात लावू?”

“मग दुसरं फूल.”

“आईनं शेवंती बोललीय.”

“बाबा?”

“रोज उशीर झाला तर टोळी त्यांना ठेवील का?”

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मी गुंफतो,” तो म्हणाला. “तुमी समोर बसून सांगा, कसं ते. लांबून. हात न लावता.”

तिनं मान हलवली. “नाही चालत. घरच्या माणसाच्या हातचा लागतो.”

“घरच्या...”

“हो.”

तो कठड्यावरून सरळ झाला.

“मग... घरचा करून घ्या ना.”

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. थट्टा करताना त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर जायचा, हे एवढ्या दिवसांत तिला पाठ झालं होतं. तिनं तो कोपरा तपासला. डोळे तपासले. हा माणूस एका हारापुरतं बोलतोय, की दया येऊन, की खरंच...? कोपरा जागचा हलला नव्हता. उलट कपाळावर घाम होता, मार्गशीर्षातल्या वाऱ्यात.

“तुम्ही बोंबील खाता,” ती म्हणाली.

“आं?”

“नवसाच्या हाराला चालत नाही. पौर्णिमेपर्यंत मासळी बंद. सुकटसुद्धा.”

“सुकटसुद्धा?” त्याच्या आवाजात खरी वेदना होती.

“सुकटसुद्धा.”

“...बरं.”

“पहाटे अंघोळ. थंड पाण्यानं.”

“बरं.”

“आणि बाबांना विचारायचं. मी नाही, तुम्ही. त्यांचा होकार आधी, फुलाला हात मग.”

इथं त्यानं कपाळावरचा घाम पुसला. बाबासोंचे हात त्यानं पाहिलेले होते. शिवाय ते साताऱ्याचे, हा खाडीकाठचा. गाव वेगळं, ताटातलं वेगळं, सोयरीक आजवर कुणी केलेली नाही. ते त्यानं बोलून दाखवलं नाही, तिनंही नाही.

“उद्या,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की.” त्यानं तळहात पुढं केला. तिचे चिरलेले हात बघून लगेच मागं घ्यायला लागला. तिनं तो मागं जाऊ दिला नाही. साबण त्या तळव्यावर ठेवला, आणि ठेवताना तिची करंगळी, एकटीच बरी असलेली, त्याच्या हाताला जरा जास्त वेळ टेकून राहिली.

रात्री जेवणं झाल्यावर ती खाली नळावर गेली. मालतीबाई आधीच तिथं होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं हळू आवाजात सांगितलं. मालतीबाईंनी तिचे हात पहिल्यांदाच आपल्या हातात घेऊन दिव्याखाली धरले, उलटे केले, सुलटे केले. विश्वास बसलेला दिसत नव्हता.

“फुलानं होतं म्हनतेस?”

“हो, काकू.”

“आनि माजे पोराला कशानं झायलंय?” त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. “आज बोंबलाचं कालवन केलं. वाटी सारून दिली. ताप नाय, काय नाय. भात नि मीठ खाल्लं नि उगीच हसतो.”

तेजश्रीनं हंडा उचलला. पाणी अर्धंच भरलं होतं, ते तिला जिन्यात कळलं. मागून मालतीबाईंची नजर तिच्या पाठीवर होती; पण नळाची तोटी घासल्याचा आवाज आज आला नाही.

पहाटे गच्चीवर पाणी ओतल्याचा आवाज झाला. एक तांब्या, मग दम खाल्ल्यासारखी शांतता, मग दुसरा. बाबासो डोक्याला टॉवेल बांधत होते, पोती ओढायचा हूक कमरेला खोचलेला.

“एवढ्या गारठ्यात कोन आंगूळ करतंय रं?” ते वर बघत म्हणाले.

ती समईची वात सारखी करत राहिली. परडीवरचं ओलं फडकं तिनं काढलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. हरेश उभा होता. पांढरा सदरा, केसांतून पाणी निथळत, दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जबडा घट्ट धरलेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

“काका, मार्केटला निघालात?”

“व्हय.”

“नाक्यापर्यंत येतो तुमच्या बरोबर. बोलायचंय.”

बाबासोंनी त्याच्या ओल्या केसांकडं पाहिलं. मग लेकीकडं. ती वातीवरून नजर उचलेना. मग त्या झाकलेल्या परडीकडं, जिच्यापाशी आज अजून कुणी बसलेलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी आली, तशीच राहिली. चपला घालताना त्यांनी जेवणाचा डबा उचलला, क्षणभर हातात तोलला, आणि हरेशपुढं धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

उजाडायला अजून अवकाश होता. ती दारात येऊन उभी राहिली. खाली गल्लीत दोन जोडी चपलांचा आवाज बरोबरीनं निघाला, पिठाच्या गिरणीपाशी पोचला, आणि तिथं हरेशनं बोलायला सुरुवात केली असावी, कारण बाबासोंची पावलं हळू झाली.